समक्ष पेरणी

उमापूर, तालुका गेवराई
७ ऑक्टोबर १९१३

दादा,

हे पत्र मोडीत नाही, बाळबोधीत लिहितो आहे आणि अक्षर मोठं काढतो आहे. तू दुसरीपर्यंत शिकलास, तेवढं याला पुरेल. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. चार दिवस लागले तरी चालतील.

मी उमापुरात आहे हे तुझ्या कानावर आलं असेल. शेतकी कॉलेजच्या साहेबांनी हंगामभरासाठी पाठवलं. माझ्या वर्गातला एक जण जपानला गेला. माझ्या वाट्याला जो परमुलूख आला तो हा निजामाच्या मोगलाईचा, आपल्या गावापासून पाच कोस. नाणं वेगळं, सन वेगळा, चावडीतले कागद उर्दूत. नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं माझी पेटी उघडली, मोरचुदाचा निळा खडा जिभेला लावून पाहिला आणि थुंकला. मग त्यानं मला दवाखान्याचा माणूस म्हणून लिहून घेतलं.

टपालानं हे पत्र दोन सरकारांतून फिरत नऊ दिवसांनी तुला मिळालं असतं. म्हणून ख्वाजाच्या हाती देतो. तो इथला फळवाला आहे. सीताफळं घेऊन गाडी बोधेगावच्या बाजाराला नेतो, आपल्या गावावरून.

काम थोडक्यात सांगतो. ज्वारीची काणी, दाण्यात काळी भुकटी भरते ती, बियाण्यावरून येते. पेरण्याआधी बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवून काढलं तर ती येत नाही. पुस्तकात हे आहे. या काळ्या रानात ते खरं ठरतं का, ते पाहायचं. इथले जमीनदार सुंदरराव यांनी दोन एकरांचा तुकडा दिला. त्याचे आठ पट्टे पाडले. एक औषधाचा, एक कोरा, असे. कोऱ्या पट्ट्यात काणी यायलाच हवी, नाहीतर औषधाचा गुण कळणार नाही. म्हणून सगळ्याच बियाण्याला आधी मी काणीची काळी भुकटी हातानं चोळली. मग निम्मं बी निळ्या पाण्यात बुडवलं, निम्मं तसंच ठेवलं.

काल पेरणी झाली. तिफणीमागं मूठ धरून चाड्यात बी सोडायला बायनाबाई होती. साठीची आहे, विधवा. इथंही विधवेला चाड्यावर हात लावू देत नाहीत, पण तिला देतात. तिच्या मुठीतून बी असं सुटतं की तासाच्या ओळीत कुठं दाटी होत नाही आणि कुठं खंड पडत नाही. बावीस वर्षं सुंदररावांच्या तिफणीमागं तीच चालते. तिची बोटं आईसारखी हलतात. अंगठा स्थिर, बाकीची चार पाणी झिरपावं तशी.

मी भुकटी चोळत होतो तेव्हा ती समोर येऊन बसली.

"बी तर चांगलं हाय. मंग त्याला रोग कावून लावता?"

"औषधाचा गुण दिसावा म्हणून."

"आन् ज्याला औषध न्हाई, त्याचं?"

"त्याला काणी येईल. त्यावरून कळेल."

"कुनाला कळंल?"

"सगळ्यांना."

तिफण हाकणारा म्हाळू बैल जुंपत होता. तो म्हणाला, "आगं बायने, हकीम बी आसाच आस्तोय. आधी जुलाब लावतो, मंग दवा इकतो."

ती हसली नाही. पोत्यातलं मूठभर बी घेऊन बराच वेळ पाहत राहिली.

सकाळी औषधाचे चार पट्टे पेरले, दुपारनंतर कोरे चार. मी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बांधावर उभा होतो. वहीत तसं लिहिलं आहे: पेरणी समक्ष झाली.

आईच्या दहाव्याला तू पंगतीत सगळ्यांदेखत म्हणालास, "ह्याचं ताट हितं कुणी मांडलं? ह्याचं पहिल्यापासून निराळंच हाय." त्यावर मी काही लिहिणार नाही. तुझं पाठ असेल, माझंही आहे.

पंडित


उमापूर
२ डिसेंबर १९१३

दादा,

ख्वाजा म्हणाला, "साब, तुमचा भाई चिठ्ठी घेतला. उलटी-सुलटी करून बघितला. मंग आढ्याला खोचला आन् मला पानी दिला." मी विचारलं, काही बोलला? "बोलला ना. बोलला, बैलाला बी पाज."

आढ्याला खोचलं म्हणजे टाकलं नाहीस. तिथं आई चुलीचा धूर लागावा म्हणून बियाण्याची कणसं टांगायची. वाचलंस की नाही ते कळायला मार्ग नाही. तरी लिहितो.

ज्वारी पोटऱ्यात आहे, कणीस अजून पानाआडच आहे. रोज सकाळी प्रत्येक पट्ट्यातली शंभर ताटं मोजतो. इथली पोरं मला काणीवाले साहेब म्हणतात. सुंदररावही परवा तसंच म्हणून गेले आणि जीभ चावली. थंडी आहे. ओसरीवर झोपतो. जेवण सुंदररावांकडून येतं, चांगलं असतं, झाकून येतं.

बायनाबाई खुरपायला येते. समोर आली की पहिलं विचारते, "भाऊ कसा हाय?" मी बरा आहे म्हणतो. तिला मी तुझ्याबद्दल सांगितलं होतं, पेरणीच्या दिवशी, भाकरी खाताना. थोडंसंच.

साहेबांचं पत्र आलं. इथले आकडे चांगले आले तर जूनमध्ये विलायतेला पाठवायची शिफारस करतील. दोन वर्षं. तिथंही गव्हाच्या रानात पट्टेच पाडतात म्हणे.

आपल्या रानात औंदा काय पेरलं?

पंडित


उमापूर
२५ जानेवारी १९१४

दादा,

काणी आली नाही.

दाणा भरला. औषधाच्या चार पट्ट्यांत एक काळं कणीस नाही. कोऱ्या चार पट्ट्यांतही नाही. शेजारच्या रानात शंभरात बारा कणसं काळी आहेत, आणि तिथं कुणी भुकटी चोळली नव्हती. मी तीन दिवस पहाटेपासून कणसं चाचपत होतो. दाणा फोडावा तर आत पांढरं पीठ. चौथ्या दिवशी मी रानात खाली बसलो.

म्हाळू बांधावर विडी ओढत होता. म्हणाला, "साहेब, पीक चांगलं आलं म्हनून रडनारा मानूस म्या पहिल्यांदाच बघितला." मग विडी विझवून, "बायनाला इचारा. मला न्हाई ठावं काही."

ती शेण थापत होती.

"बायनाबाई, दुपारचं बी कोरंच पेरलं ना?"

"न्हाई."

"म्हणजे?"

"सकाळचं निळं पानी रांजनात उरलं व्हतं. त्यातच बुडिवलं. जुन्या लुगड्यावर वाळिवलं आन् पेरलं."

"मी सांगितलं होतं ना, त्याला औषध द्यायचं नाही?"

"सांगितलं व्हतं की."

"मग?"

तिनं हातातली गोवरी भिंतीवर मारली. तिच्यावर पाच बोटं उठली.

"आवो, एका पंगतीत बसिवलं समद्यांला. रोग वाढताना कुनाला वगळलं न्हाई. आन् औषध वाढायची पाळी आली, तं एकाला वाढायचं आन् त्याच्या शेजारच्याला न्हाई? तेनं नुसतं बघायचं? आसं म्या कदी कुनाला वाढलं न्हाई. माह्या हातून व्हत न्हाई ते." मग माझ्याकडं पाहून ती हसली. तिला वाटलं होतं मी खूश होईन. "बगितलं न्हवं रान? एक दाना काळा न्हाई."

मी तिला काय बोललो ते लिहीत नाही. ती ऐकत होती आणि तिच्या हातातलं शेण वाळत होतं.

उरलेलं पाणी खड्ड्यात ओतायचं असतं. ते मी ओतलं नव्हतं.

पंडित


उमापूर
११ फेब्रुवारी १९१४

दादा,

साहेबांचं पत्र आलं. दोन ओळी. कोऱ्या पट्ट्यांत काणी का नाही. पेरणीच्या वेळी आपण कोठे होतात. खुलासा आल्यावर शिफारशीचं पाहू.

मी ते सुंदररावांना वाचून दाखवलं. नको होतं दाखवायला. तालुक्याच्या तहसीलदारांना त्यांनी या रानाचं फार सांगून ठेवलं होतं. त्यांनी काल खळ्यावर सगळ्यांना बोलावलं. मळणी चालली होती, ती थांबवली. बैल खळ्यामधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, उभे राहिले.

"पंडितराव," ते म्हणाले, "तुमी रानातच व्हतात ना?"

"होतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

म्हाळूनं पायातला जोडा काढला, झटकला, परत घातला.

सुंदररावांनी बायनाबाईला विचारलं, "मंग ह्येंच्या म्होरं तू बी बुडिवलंस कसं?"

ती माझ्याकडं पाहू लागली. मी तिवड्याकडं पाहत होतो, पण ती पाहते आहे हे मला कळत होतं. एका बैलानं तोंड खाली घालून कणीस ओढलं, त्याला कुणी हटकलं नाही.

"डोळा चुकवून," ती म्हणाली.

"साहेब कुठं व्हते?"

"व्हते की. हितंच व्हते."

सुंदरराव ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी सुपारी कातरली, एक खांड मला दिलं.

"बायना, मूठ झाकलेली आस्ती. तिच्यात काय हाय, किती हाय, धन्याला दिसत न्हाई. म्हनून ती इस्वासाच्या मानसाला देत्यात. तू रांडमुंड आसून बावीस साल म्या ती तुला दिली. गाव मला हसलं, तरी दिली." ते सुपारी चघळत राहिले. "औंदा पेरनीला म्हाळूची बायको धरील."

"बरं," ती म्हणाली. उठली, लुगड्याचा भुसा झटकला आणि तिवड्याला हात लावून नमस्कार करून गेली.

परत येताना म्हाळू माझ्या बरोबरीनं चालत होता. शिवेच्या मारुतीपर्यंत आला. तिथं म्हणाला, "साहेब, तुमी लई शिकलेले हाव." आणि घराकडं वळला. त्याच्या बायकोला मूठ मिळाली आहे. तो कुठं बोलणार नाही.

खुलासा लिहून ठेवला आहे. पेरणी समक्ष झाली. मजूर बाईने नजर चुकवून बियाण्यात फेरफार केला. सबब प्रयोग बाद धरावा, उमेदवाराकडे दोष नाही. अजून पाठवलेला नाही.

पंडित


उमापूर
१४ फेब्रुवारी १९१४

दादा,

हे पत्र आढ्याला खोचू नकोस. हे आजच वाच. पहिली चार वाचली नसशील तरी चालेल, हे वाच.

पेरणीच्या दिवशी मी दुपारनंतर रानात नव्हतो.

औषधाचे पट्टे संपले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आम्ही बाभळीखाली भाकरी सोडल्या. बायनाबाईनं विचारलं, तुमचं गाव कुठं. म्हणालो, पाच कोसांवर.

"घरी कोन आस्तंय?"

"भाऊ."

"बोलनं हाय का?"

"नाही."

"कावून?"

मी तिला ताटाचं सांगितलं. दहाव्याचं सांगितलं, आणि त्याच्या आधीचंही. आई दूध मला द्यायची आणि तू ताक पिऊन नांगराला जायचास. एकाला तरी लिहिता-वाचता येऊ दे, म्हणायची. मी पाच वर्षांचा होतो, तू नऊ. तुला शाळेतून काढलं त्या दिवशी तू पाटी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, फुटली तर बघ. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ती घास हातात धरून बसली. म्हणाली, "जा."

"कुठं?"

"ख्वाजाची गाडी आत्ता वढ्यात हाय. पाच कोस म्हंजी काय परमुलूख हाय का? मूठ माही ठावं हाय तुमाला. म्या बगते रान. जा, भावाला भेटून या."

मी गेलो. वहीत पेरणी समक्ष झाली असं आधीच लिहून ठेवलं होतं, सकाळीच.

ख्वाजानं नाक्याशी गाडी थांबवली. तिथून आपलं गाव तीन कोस. तो म्हणाला, "बसा, साब. भाईच्या दारात उतरवतो. सीताफळं बी देतो, रिकाम्या हातानं जाऊ नका." मी खाली उतरलो आणि त्याला पुढं जायला सांगितलं. त्यानं तरी दोन सीताफळं माझ्या हातात दिली.

शिवेच्या दगडावर बसलो. आपल्या रानातली चिंच दिसते असं वाटत होतं. तीन कोसांवरून दिसत नसणार. काय बोलायचं ते मनाशी जुळवत होतो. पहिलंच वाक्य जुळेना. शिपायानं विचारलं, "जाना है या आना है?" मी म्हणालो, दोन्ही नाही. त्यानं चौकीतून बाज आणून दिली. सावली लांब होईपर्यंत मी तिथं होतो. मग पायी परत आलो. सीताफळं नाक्यावरच राहिली.

दिवस बुडाला होता. बायनाबाई चाडं धूत होती.

"भेटला का भाऊ?"

मी म्हणालो, "भेटला."

"बोलला?"

"बोलला."

"एका ताटात जेवलाव?"

"जेवलो."

तिनं ओल्या हातांनी माझ्या तोंडावरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली.

म्हणून ती रोज विचारायची, भाऊ कसा हाय.

खळ्यावरच्या त्या दिवसानंतर मी तिच्या घरी गेलो. एक खण, एक चूल. मला पाट दिला, स्वतः उंबऱ्यावर बसली. मी विचारलं, तुम्ही खरं का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगितलं आसतं तं तुमचं भावाकडं जानं गुन्हा ठरलं आसतं. कागुदावर चढलं आसतं. इतक्या सालांनी भाऊ भावाला भेटला, त्येचा कावून गुन्हा करावा?" मग म्हणाली, "मूठ काय, आज ना उद्या थरथरलीच आसती."

तिची मूठ थरथरत नाही. मी पाहिली आहे.

मी तुला भेटलोच नाही, हे त्या वेळी सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. तिनं तेवढ्यात गूळ-पाणी आणलं.

आता ऐक. ती हे गाव सोडते आहे. हातातली मूठ गेल्यावर पेरणीच्या दिवशी बांधावर बसून दुसरीची बोटं पाहवणार नाहीत, म्हणते. लेक नाक्यापलीकडं दिली आहे, शेवगावच्या वाटेवर. परवा पायी निघेल. वाट आपल्या दारावरून आहे. आपणहून म्हणाली, "तुमच्या भावाला रामराम घालीन. पानी पिईन. सांगीन तेला, तू आपल्या भावाला जेवू घातलंस त्या दिसाचं रान लई साजरं आलं."

गाठोड्यात तिनं तुझ्यासाठी चार कणसं बांधली आहेत. कोऱ्या पट्ट्यातली आहेत. मी तपासली. दाणा टपोरा आहे, एकही काळा नाही. ती तू बियाण्याला ठेव.

वरच्या बाजूला मी एक ओळ लिहून खोडली आहे. तुला ती वाचता येईल, मी नीट खोडलेली नाही. 'ती विचारील तेव्हा आला होता म्हण', अशी होती. माझं खोटं तुझ्या तोंडात कशाला घालू? लहानपणापासून माझ्यासाठी पुष्कळ गोष्टी तुझ्या तोंडातून काढल्या गेल्या, घातलं काहीच नाही. हे पहिलं घालणं नको.

ती आली की आत घे. बाहेर ओट्यावर पाणी देऊन पाठवू नकोस. पंगत असेल तर पंगतीत बसव. ती सगळ्यांच्या ताटांकडं पाहील, तिची सवय आहे. मग विचारील. तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव.

ख्वाजा उद्या बोरं घेऊन निघतो, तिच्या एक दिवस आधी. त्याच्या गाडीत माझी दोन पाकिटं असतील. एक हे. दुसरं साहेबांना खुलाशाचं, ते तो बोधेगावच्या टपालात टाकेल. ते मी काल रात्री उघडलं, आज सकाळी उघडलं, आणि आता तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा खळ लावून तसंच बंद केलं. समक्ष हा शब्द त्यात जिथं होता तिथंच आहे.

तू तिला काय सांगितलंस, ते मला कळवू नकोस.

पंडित